विचर ४ मध्ये तुम्हाला काय हवंय? मला आधी घासाघीस हवीय

रात्रपाळीवाला_रोच

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतोय. विचर म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा, त्याच्यावरच्या व्हिडिओ गेमचा हा चौथा भाग. विचर ४ चा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२४ मध्ये आला, त्याची पारायणं झाली. मग जून २०२५ चा तो टेक डेमो, ज्यात सिरी (आधीच्या भागांचा नायक गेराल्ट, त्याची मानसकन्या, आता हीच नायिका) केल्पी घोडीवर बसून कोव्हीर राज्याच्या डोंगरातनं उतरते आणि वॉल्ड्रेस्ट गावाच्या बाजारात शिरते, त्याचीही झाली. २०२७ च्या आधी गेम येत नाही हे कंपनीनेच सांगून टाकलंय, म्हणजे अपेक्षा वाढवत बसायला आपल्याकडे वेळच वेळ आहे.

तर मागच्या महिन्यात तिसरा भाग परत पहिल्यापासून लावला. रात्रपाळी संपवून सकाळी साडेसातला घरी येतो, अंगात झोप असते पण डोळ्यात नसते, मग चहा घेऊन तासभर खेळतो. व्हाईट ऑर्चर्ड या पहिल्याच मुलखात ते विहिरीचं काम आहे बघा, गाव ओसाड पडलंय, विहिरीपाशी भर दुपारी एक बाई भूत होऊन फिरते आणि काम देणारा माणूस म्हणतो घरात पोरगी आजारी आहे, चांगलं पाणी मिळत नाही, काहीतरी करा. काम घ्यायच्या आधी पैशाची बोलणी. स्लायडर येतो, तुम्ही आकडा वाढवता, समोरच्याच्या रागाची पट्टी चढते. पट्टी भरायच्या केसभर आधी कुठे थांबायचं हे आता माझ्या हाताला पाठ आहे, डोकं लागत नाही त्याला. यावेळी पहिल्यांदाच मनात आलं की अरे, ह्याची पोरगी अंथरुणाला खिळलीये आणि मी इथे चार क्राऊन जास्त मिळावेत म्हणून माऊस सरकवतोय. आणि गेमला त्याचं सोयरसुतक नाही! जास्त घ्या, कमी घ्या, काम झाल्यावर तोच माणूस, तेच दोन वाक्यं.

मला चौथ्या भागात घासाघीस हवीय, पण खरीखुरी. म्हणजे एका गावात नाडलंत तर पुढच्या गावात तुमच्या आधी तुमचं नाव पोचलेलं असावं. फुकट केलंत तर दुसऱ्या दिवशी दारात चार जण, आमचंही बघा म्हणून. कोणाकडे पैसेच नसतील तर कोंबडी द्यावी, आणि ती कोंबडी घेऊन मी काय करू हा माझा प्रश्न. पैसे बुडवणारे तर हवेतच. तिसऱ्यात आहेत तसे काही पण ते ठरलेल्या जागी ठरलेलं बुडवतात, दुसऱ्यांदा खेळताना आधीच कळतं की हा बुडवणार आहे.

तुम्ही सांगा तुम्हाला नेमकं काय हवंय. फक्त "मॅप मोठा हवा" आणि "ग्राफिक्स भारी हवे" एवढं बोलून पळू नका कृपया.

स्केलिगेतलं_पिंप

मॅप मोठा नकोच आहे मला, लहान हवाय! आणि त्यावरची न बघितलेल्या जागांची ती प्रश्नचिन्हं आधी उपटून काढा. स्केलिगे बेटांचा समुद्र आठवा म्हणजे कळेल, होडी काढायची, अर्ध्या वाटेत सायरन अंगावर, त्यांना क्रॉसबोने पाडायचं, मग तरंगणाऱ्या पिंपांपाशी बुडी मारायची आणि आत काय तर दोन तलवारी ज्या माझ्या तलवारीपेक्षा भिकार, त्या विकायला लोहाराकडे जावं तर लोहाराकडचे पैसे संपलेले, मग पुढच्या लोहाराकडे, आणि तोवर वजन जास्त झालं म्हणून गेराल्टला पळता येत नाही, घोडा हाका मारली तरी भलत्याच ठिकाणी उगवतो. सगळी प्रश्नचिन्हं काढली मी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, एक ठेवलं नाही. नाव उगाच नाही घेतलेलं.

आणि ह्याच लोकांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये हार्ट्स ऑफ स्टोन हे तिसऱ्या भागाचं एक्स्पान्शन (जोडभाग) काढलं, त्यातलं ते गावातलं लग्न आठवतंय का? गेराल्टच्या अंगात एक मेलेला रंगेल सरदार येतो, अक्षरशः अंगात येतो, आणि मग लग्नघरात नाचायचं, डुकरं पकडायची, शानी या जुन्या मैत्रिणीबरोबर फिरायचं. मारामारी नावाला. मॅपवर ती जागा टाचणीएवढी असेल. पण आज मला विचारलं की तिसऱ्या भागातलं काय आठवतं, तर ते लग्न आठवतं, पिंपं नाही. पिंपांचा फक्त राग आठवतो.

तर मला काय हवं, एक वॉल्ड्रेस्ट आणि त्याच्या आजूबाजूची पाचसहा गावं, पण अशी की कोणाची सून कोणावर चिडलीये ते मला माहीत असावं.

ग्वेंट_आधी

ग्वेंट.

(मुलगी हरवलीये, वाइल्ड हंटचे भुताळी स्वार मागावर आहेत, जगबुडी आलीये, तरी "ग्वेंटच्या पत्त्यांचा एक डाव टाकूया का?" असं गेराल्टने लोहाराला विचारणं ह्याच्याइतकं खरं पात्रलेखन मी कुठे पाहिलेलं नाही. सिरीलाही हा नाद लागलेला असावा एवढीच इच्छा.)

जुनी_विहीर

इथे बाकी सगळे मुलाच्या वयाचे दिसताय, तरी लिहिते. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि पीएस इथेच राहिला, त्याच्यावर धूळ बसतेय म्हणून मी सुरू केलं. आधी घोडाच चालवता येत नव्हता, दोन दिवस कुंपणाला धडकत होते. आता दोन्ही एक्स्पान्शन संपवून बसलेय.

रोच, तू विहिरीचं लिहिलंस म्हणून. मी लहानपणी नाशिककडे आजोळी असायचे, आमच्या विहिरीच्या काठावर सात दगड शेंदूर लावलेले, साती आसरा. आजीचा दम होता, ऐन बाराला विहिरीवर जायचं नाही, आसरा ओढून नेतात. तर गेममध्ये ती दुपारची बाई उन्हात गरगर फिरताना पहिल्यांदा बघितली तेव्हा मला परदेशी वाटलंच नाही काही, उलट वाटलं की हिला मी ओळखते. स्लाव्ह लोकांच्या कथेतली आहे ती, शेतात भर दुपारी भेटणारी, हे मला मुलाने नंतर सांगितलं. म्हणजे पोलंडमधल्या आज्यासुद्धा तेच सांगत होत्या म्हणायच्या.

आणि बॅरनचं ते बाळ. (ज्यांनी खेळलं नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा.) नाव न ठेवता पुरलेलं अपुऱ्या दिवसांचं बाळ भूत होऊन येतं, आणि त्याला शांत करायचं तर बापाने ते हातात घेऊन घरापर्यंत चालत यायचं, नाव ठेवायचं आणि उंबरठ्याखाली पुरायचं. मग तेच घराची राखण करतं. तो एवढा दांडगा दारुडा माणूस, बायकोला मारणारा, आणि त्या पावसात ते घेऊन चालतोय. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि पाणी पिऊन आले. मला असं हवंय चौथ्या भागात. मोठमोठे ड्रॅगन नकोत, उंबरठा हवा.

आता घासाघिशीचं. तुझी कल्पना मला आवडली पण तू एक गोष्ट विसरलास, यावेळी काम मागायला गेराल्ट नाही, सिरी जाणार आहे. आमच्याकडे कांदा लावायला, निंदायला बायाच लागतात, आणि त्याच वावरात बाप्याला रोज जास्त. विचारलं तर म्हणणार, बाईमाणसाला तेवढंच असतं. मग पाटील सिरीला बघून काय म्हणेल? "तू मारणार? तुझ्याबरोबर कोणी आहे का?" हेच पहिलं म्हणेल. गेराल्टला दोनशे देणारा तिला शंभर सांगेल. तिथून पुढे मला स्लायडर द्या, मग बघते मी त्याची रागाची पट्टी.

ट्रेलरमध्ये थोडं दिसतंय तसं. पोरीला बळी द्यायचं गावाने ठरवलंय, सिरी मध्ये पडते, राक्षस मारते, आणि परत येऊन बघते तर गावकऱ्यांनीच पोरीला मारलेलं. हे लिहिणाऱ्यांना गाव कळतं असं मला वाटतं.

रात्रपाळीवाला_रोच

ताई, दंडवत. शंभर सांगेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. धाग्याचं नाव बदलता येत असतं तर बदललं असतं.

एफपीएस_मोजणारा

सगळे गोष्टीत रमलेत, कोणीतरी मशीनकडे बघायला पाहिजे म्हणून वाईटपणा घेतो.

पहिला ट्रेलर गेमप्ले नव्हता, आधी रेंडर केलेला होता, तोही एनव्हिडियाच्या तेव्हा जाहीरसुद्धा न झालेल्या कार्डावर. म्हणजे त्यात जे दिसलं ते जेवणाच्या ताटाचं चित्र होतं, ताट नाही. जूनचा डेमो मात्र साध्या पीएस ५ वर चालवला, प्रो नव्हे, ६० एफपीएस (सेकंदाला ६० चित्रं) आणि रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा उजेड-सावली) चालू, बाजारात ३०० माणसं हलताना. हे खरंच मोठं आहे. पण तोही टेक डेमो, गेम नाही, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. ते वाक्य लोक सोयीने विसरतात.

दुसरं म्हणजे गेम ज्यावर उभी राहते ते आपलं जुनं रेड इंजिन सोडून हे लोक एपिक कंपनीच्या अनरिअल ५ वर गेलेत. अनरिअलवाल्या किती गेममध्ये नवीन भागात शिरलं की चित्र क्षणभर अडखळतं हे पीसीवर खेळणाऱ्या कोणालाही विचारा. घोड्यावर भरधाव चाललोय आणि दर दोन मिनिटांनी एक ठेच, असं होणार असेल तर मला तुमचा उंबरठा पण नको आणि लग्न पण नको. एपिकबरोबर मिळून जमिनीचे तुकडे झटपट लोड करायचं काम त्यांनी केलंय, डेमोत तेच दाखवलं, बघू.

तिसरं, ह्यांचाच सायबरपंक हा गेम. १० डिसेंबर २०२० ला आला, आठवड्याभरात सोनीने आपल्या स्टोअरवरून काढून टाकला, जून २०२१ मध्ये परत ठेवला. आणि २०२३ मध्ये २.० अपडेट आणि फँटम लिबर्टी एक्स्पान्शन आल्यावर तेच शिव्या देणारे लोक आरत्या ओवाळायला लागले. गेम सुधारला हे मान्यच, मीही ओवाळली. पण तीन वर्षं लागली. तेव्हा प्रीऑर्डर अजिबात नाही, पहिले पंधरा दिवस दुसऱ्यांचे व्हिडिओ बघायचे, मग पाकीट काढायचं. यावेळी आधी कन्सोलवर नीट बसवू मग पीसीसाठी वाढवू असं ते म्हणतायत, पीसीवाल्यांनी त्यावर रडारड केली, मला उलट बरं वाटलं.

माझी अपेक्षा एकच, ४ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर लो सेटिंगला ३० एफपीएस मिळू दे. माझा ३०५० कार्डवाला लॅपटॉप आहे. मध्ये एका दुकानात साफ करायला दिला होता, त्या माणसाने परत जोडताना बहुतेक एखादा स्क्रू स्वतःकडेच ठेवला कारण तेव्हापासून गेममधल्या नोव्हिग्राड शहरात शिरलं की पंखा असा घरघरतो की आई आतून विचारते मिक्सर कोणी लावलाय एवढ्या रात्री.

पहिल्या_भागापासून

४ जीबीत तुला फक्त सिरीची वेणी दिसेल रे.

असो. मी २००७ चा पहिला भाग खेळलेला माणूस आहे (कुठून आणला होता विचारू नका, कॉलेजात होतो, नंतर विकत घेऊन पाप फेडलं). त्यात एक गोष्ट होती जी पुढे ह्यांनी टाकून दिली. राक्षस मारला तरी त्याची माहिती तुमच्याकडे नसेल तर त्याच्या अंगातनं काहीच काढता येत नसे. प्रेत समोर पडलंय आणि गेराल्टला कळत नाही काय घ्यायचं. मग पुस्तक विकत घ्या, नाहीतर गावातल्या म्हाताऱ्यांपाशी बसा, त्यांना काहीतरी खायला द्या, मग त्या सांगणार. तिसऱ्यात काय, बटण दाबलं की सगळं लाल दिसतं, लाल पावलांमागे जा, लाल रक्त बघा, गेराल्ट स्वतःशीच पुटपुटतो "हं, नखांचे ओरखडे", आणि झालं तुमचं संशोधन. मी नुसता त्याच्या मागे चालणारा हमाल.

रोचची घासाघीस हवीच, पण ती आणि ही माहिती एकत्र जोडली पाहिजे असं माझं म्हणणं. समोर काय आहे ते माहीत नसताना तुम्ही दर कसा सांगणार? ड्राउनर (पाण्यातला किरकोळ राक्षस) समजून पन्नासला हो म्हणालात आणि गुहेत निघालं भलतंच, तर चूक तुमची. आधी चौकशी करा, म्हातारीला भाकरी द्या, दोन जणांकडून दोन उलट गोष्टी ऐका, मग आकडा सांगा. तयारीचंही तेच. दुसऱ्या भागात काढे लढाईच्या आधीच, ध्यानाला बसून प्यावे लागायचे. लोकांनी बोंब मारली म्हणून तिसऱ्यात मधेच प्यायची सोय झाली, आणि दारूची एक बाटली असली की सगळे काढे आपोआप भरून. क्वेन (ढालीचा मंत्र) टाका, लोळा, मारा, परत क्वेन टाका. मी सगळ्यात अवघड डिफिकल्टीवर पण हेच करत होतो आणि स्वतःवरच वैतागत होतो.

सिरीबद्दल मला धाकधूक आहे. तिसऱ्या भागात तिला जेव्हा जेव्हा आपण चालवलं तेव्हा ती इकडून गायब तिकडे उगवत होती, एल्डर ब्लड म्हणजे रक्तातच असलेली शक्ती, काळ-अवकाश सगळं हिच्या मुठीत. अशा बाईला गावातल्या तळ्यातला ड्राउनर काय घाबरवणार? ट्रेलरमध्ये तिचे डोळे मांजरासारखे झालेत, काढा पितेय, म्हणजे ट्रायल ऑफ द ग्रासेस (माणसाचा विचर करणारी जीवघेणी परीक्षा) झालेली दिसते, जी आजवर पोरांवर करायचे आणि दहातले तीन वाचायचे. हे कसं झालं ते गेममध्ये सांगू म्हणतात. मला वाटतं तिच्या शक्ती गेलेल्या असाव्यात किंवा वापरल्या की काहीतरी जबर भोगायला लागावं. नाहीतर पाटील शंभर म्हणाला की ही त्याच्या मागे उगवून तिजोरीच रिकामी करेल.

स्केलिगेतलं_पिंप

सगळं पटलं पण काढे आधी प्यायचे हे नको. दुसऱ्या भागात कुठली लढाई कधी सुरू होणार हे कळायचंच नाही, सीन सुरू व्हायचा आणि संपला की थेट राक्षसाच्या तोंडासमोर, कधी पिणार होतो मी? मरायचं, सेव्ह लोड करायचा, मग "अंतर्ज्ञानाने" काढा पिऊन जायचं. ही तयारी नाही, ही फसवणूक.

पहिल्या_भागापासून

ती सीन लिहिणाऱ्याची चूक, नियमाची नाही.

जुनी_विहीर

भांडा, पण मला एक सांगा. सिरीची शक्ती कशाला काढून घ्यायची? असू दे की तिच्याकडे. ट्रेलरमध्ये राक्षस मेलाच ना? पोरगी तरी वाचली नाही. तिथे हिने कितीही गायब होऊन दाखवलं असतं तरी गावाच्या मनातलं काय मारणार होती? मला लढाई फार अवघड नसली तरी चालेल, माझी बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत, मी सोप्यावरच खेळते आणि लाज वाटत नाही. अवघड त्या माणसांशी बोलणं असू दे.

आणि म्हातारीला भाकरी देऊन माहिती काढायची, हे एकदम बरोबर. मीच ती म्हातारी.

ग्वेंट_आधी

काकू फुल्ल फॉर्मात.

गंभीर प्रश्न, तिसऱ्या भागाच्या शेवटी ज्यांची सिरी राणी व्हायला गेली असेल किंवा मेलीच असेल त्यांचं काय? माझ्या सेव्हमध्ये ती आत्ता निल्फगार्ड साम्राज्यावर राज्य करतेय. शिवाय माझा गेराल्ट ट्रिस या जादूगारणीबरोबर कोव्हीरलाच राहायला गेलाय, म्हणजे वॉल्ड्रेस्टच्या बाजारात भाजी घेताना भेटायला हवा. तिसऱ्यात निदान ती विझिमाच्या राजवाड्यातली दाढी होती. न्हावी दाढी करतोय आणि तो सेनापती शेजारी उभा राहून विचारतोय की मागच्या भागात काय काय केलंत, ह्याला मारलं का, त्याला सोडलं का. सेव्ह फाईल आणायची असं सरळ न सांगता दाढी करता करता काढून घेतलं सगळं. हे मला फार आवडलेलं. आता सिरीला दाढी नाही, तर काहीतरी दुसरं शोधा.

एफपीएस_मोजणारा

वेणी घालताना विचारतील. ४ जीबीत तेवढंच दिसणार आहे ना.

रात्रपाळीवाला_रोच

हाहा. वाचतोय सगळं, आत्ताच कामावरनं आलो. पहिल्या, तुझं माहिती आणि दर जोडायचं मला इतकं पटलंय की आता तिसरा भाग खेळताना राग येतोय. आज सकाळी त्या विहिरीचं काम पूर्ण केलं. खाली उतरून तळातनं तिचं ब्रेसलेट काढलं, अवशेष जाळले, दुपारपर्यंत थांबलो, येर्डेन मंत्राच्या वर्तुळात धरून मारली. काम घेताना त्या माणसाकडे आकडा वाढवलाच नाही यावेळी, तो म्हणाला तेवढ्यालाच हो म्हटलं. गेमला काही फरक पडला नाही अर्थात.

जाता जाता, त्याच गावात नदीकाठची ती म्हातारी आहे ना, जिचा तवा कोणीतरी उसना घेऊन परतच केला नाही, ती तवा दिल्यावर काय देते? मी आत्ता तिच्याचकडे चाललोय आणि आठवत नाहीये.

जुनी_विहीर

खायला देते काहीतरी. पैसे नाहीत तिच्याकडे.

स्केलिगेतलं_पिंप

मग काय, केलीस का घासाघीस?

रात्रपाळीवाला_रोच

तिथे पट्टीच येत नाही.